ओपन रेल्समध्ये ऑनलाइन गाडी हाकताना लाल सिग्नल तुटू नये म्हणून

ओपन रेल्सच्या ऑनलाइन सत्रात एका गाडीने लाल सिग्नल तोडला की बहुतेक वेळा दोन गाड्या अडकतात. तोडणाऱ्या गाडीला इमर्जन्सी ब्रेक लागतो आणि ती उभी राहते. ती ज्या रुळांवर घुसली ते रूळ खेळाने दुसऱ्या गाडीसाठी मोकळे करून ठेवलेले असतील, तर ती दुसरी गाडीही थांबवली जाते. त्या चालकाची काहीच चूक नसते. सगळे जण वेळ काढून एकत्र बसलेले असतात आणि पुढची पंधरा मिनिटे गुंता सोडवण्यात जातात. म्हणून सत्रात शिरण्याआधी नवख्याने इंजिनाचे भोंगे, कॅमेरे, दिवे नंतर शिकले तरी चालतील; लाल दिव्याआधी थांबणे मात्र आधी शिकावे.

ओपन रेल्स हे मोफत, मुक्तस्रोत सिम्युलेटर आहे. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरसाठी बनवलेले मार्ग आणि इंजिने त्यात चालतात, त्यामुळे भारतीय इंजिने, डबे आणि मार्ग यांचा हौशी लोकांनी बनवलेला साठाही त्यात वापरता येतो. खालची माहिती भारतीय पद्धतीचे रंगीत दिव्यांचे सिग्नल असलेला मार्ग समोर ठेवून लिहिली आहे.

खेळाच्या हिशेबात सिग्नल कधी तुटतो

गाडीचा पुढचा भाग लाल सिग्नलच्या रेषेपलीकडे गेला, अगदी अर्धा मीटर गेला, तरी सिग्नल तुटला. खऱ्या रेल्वेत थांबण्याच्या सिग्नलपुढे काही अंतर राखीव मोकळे ठेवतात. होम सिग्नलपुढे (स्थानकात शिरण्याआधीच्या थांबण्याच्या सिग्नलपुढे) ते साधारण १८० मीटर असते. चालकाच्या हातून थोडी घसरण झाली तरी टक्कर होऊ नये यासाठी ती सोय आहे. पण तिथेही सिग्नल तुटला तो तुटलाच, आणि खेळातही तसेच.

सिग्नल तुटला की ट्रॅक मॉनिटरमध्ये (पुढच्या रुळाची माहिती देणाऱ्या चौकटीत) मोडच्या जागी ‘आउट ऑफ कंट्रोल’ दिसते. इमर्जन्सी ब्रेक गाडी पूर्ण थांबेपर्यंत सुटत नाही आणि तोवर तुमच्या हातात काहीही नसते. चुकीच्या बाजूला लागलेल्या सांध्यावरून (रूळ बदलण्याच्या जागेवरून) गाडी गेली किंवा आखलेल्या मार्गाची हद्द ओलांडली तरी हेच होते. त्यामुळे हा संदेश दिसताच ‘मी तर लाल तोडला नाही’ असे वाटले, तर आधी मागचा सांधा बघा.

एक अपवाद लक्षात ठेवा. दिसायला लाल असलेला प्रत्येक सिग्नल खेळाच्या आतल्या हिशेबात ‘स्टॉप’ नसतो. काही मार्गांवर ऑटोमॅटिक सिग्नलचा लाल दिवा ‘स्टॉप अँड प्रोसीड’ म्हणून लिहिलेला असतो. अशा दिव्याखालून न थांबता गेलात तरी खेळ तुम्हाला पकडत नाही. पण पुढच्या टप्प्यात, म्हणजे पुढच्या सिग्नलपर्यंतच्या रुळावर, दुसऱ्या कुणाची गाडी उभी असते आणि तुम्ही तिच्या शेवटच्या डब्यावर जाऊन आदळता. खेळाने दंड केला नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे, असे समजू नका.

सत्राआधी करायची जोडणी

पुढच्या गोष्टी एकदाच करायच्या आहेत, पण त्या न केल्यामुळे पहिल्याच फेरीत सिग्नल तोडणारे बरेच असतात.

१. सगळ्यांकडे तोच मार्ग, त्याच आवृत्तीचा हवा. एकाकडे जुनी आवृत्ती असेल तर सांधे आणि सिग्नल जुळत नाहीत, आणि तुमच्या पडद्यावरचा हिरवा दुसऱ्याच्या पडद्यावर लाल असू शकतो.

२. मुख्य मेनूत तुमचे नाव ४ ते १० रोमन अक्षरांचे, मध्ये मोकळी जागा न सोडता लिहा. पोर्ट मुळात ३०००० असतो. यजमानाने (सत्र सुरू करणाऱ्याने) वेगळा सांगितला नसेल तर त्याला हात लावू नका.

३. पर्यायांमध्ये दाबाचे एकक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर करा. भारतीय गाड्यांच्या ब्रेक पाइपचा, म्हणजे सगळ्या डब्यांतून जाणाऱ्या हवेच्या नळीचा, दाब ५ किलो धरून शिकायचा असतो; तो उतरवला की ब्रेक लागतो. पडद्यावर ७१ पीएसआय दिसत असेल तर हिशेब डोक्यात बसत नाही.

४. पर्यायांतले ‘ग्रॅज्युएटेड रिलीज एअर ब्रेक्स’ बघा. त्यावर खूण असेल तर लावलेला ब्रेक थोडा-थोडा सोडता येतो. खूण नसेल तर सोडायला सुरुवात केली की पूर्ण सुटतो. साधारणपणे पहिली पद्धत प्रवासी गाड्यांची आणि दुसरी मालगाड्यांची मानली जाते. आज एक आणि उद्या दुसरी असे केलेत तर हाताला सवय लागणार नाही, म्हणून यजमानाने ठरवलेली एकच पद्धत ठेवा.

५. एफ ४ दाबून ट्रॅक मॉनिटर आणि एफ ५ दाबून आकड्यांची पट्टी उघडा. ट्रॅक मॉनिटरमध्ये आत्ताचा वेग, वेगमर्यादा, चढ-उतार, पुढच्या सिग्नलचा रंग आणि अंतर दिसते. शिवाय ‘प्रोजेक्टेड’ नावाचा आकडा असतो: आत्ता जसे चालले आहे तसेच राहिले तर एक मिनिटानंतर वेग किती असेल, ते तो सांगतो. ब्रेक पुरेसा लागला आहे की नाही, हे कळण्यासाठी नवख्याला याहून उपयोगी आकडा नाही.

पहिल्या दहा-बारा फेऱ्या ट्रॅक मॉनिटर उघडा ठेवूनच करा. त्यानंतर मात्र तो बंद करून खिडकीतून सिग्नल वाचायला शिका, कारण डबे आणि मार्ग बदलला की डोळ्यांनी वाचलेला सिग्नलच कामाला येतो.

चार रंग आणि त्यांचा हातांशी संबंध

हिरवा: पुढचा रस्ता मोकळा, मार्गाच्या वेगाने जा.

दोन पिवळे, म्हणजे डबल यलो: सावध व्हा. पुढचा सिग्नल कमी वेगाने पार करायची तयारी ठेवा. हाताने करायचे काम म्हणजे पॉवर काढणे. लगेच ब्रेक हवाच असे नाही, पण पॉवर शून्यावर आलीच पाहिजे.

एक पिवळा: पुढचा सिग्नल लाल असू शकतो, तिथे थांबायचे आहे असे धरून चला. इथे ब्रेक लागलेला असायला हवा.

लाल: थांबा.

ज्या स्थानकांआधी दोन डिस्टंट सिग्नल (होमचा आधीच इशारा देणारे) असतात तिथे पहिला डिस्टंट होम सिग्नलच्या साधारण २ किलोमीटर आधी आणि इनर डिस्टंट १ किलोमीटर आधी असतो. डिस्टंट सिग्नल कधीच लाल होत नाही. पहिल्यावर डबल यलो किंवा हिरवा एवढेच दिसते. एकाच डिस्टंटच्या जुन्या मांडणीत तो होमच्या १ किलोमीटर आधी असतो, म्हणजे इशाऱ्यासाठी एकच खांब मिळतो. गाडी सुरू करण्याआधी यजमानाला एवढे विचारून घ्या: या मार्गावर डिस्टंट एक की दोन?

होम सिग्नल पिवळा असेल आणि वरच्या तिरप्या पांढऱ्या दिव्यांची रांग, म्हणजे रूट इंडिकेटर, पेटलेली असेल, तर तुम्ही लूप लाइनवर, म्हणजे मेन लाइनला बाजूने जोडलेल्या रुळावर, जाणार आहात. पिवळ्याचा अर्थ स्टार्टर (स्थानकातून सुटण्याचा सिग्नल) लाल असू शकतो, आणि रांगेचा अर्थ सांध्यावरून वळण. सांध्यावर वेग मार्गानुसार १५ किंवा ३० किलोमीटर असतो. इथे दोन कामे एकत्र येतात आणि नवखे सांध्याच्या वेगाकडे बघण्यात स्टार्टर विसरतात. लूप लाइन मेन लाइनएवढी लांब असेलच असे नाही. मोठी मालगाडी असेल तर शेवटची वाघीण सांध्यापलीकडे घ्यायला इंजिन स्टार्टरच्या अगदी जवळ न्यावे लागते. म्हणून सांधा ओलांडला की वेग १५ च्या वर नेऊ नका.

भारतात सिग्नलचा खांब सर्वसाधारणपणे रुळाच्या डाव्या हाताला असतो. चार-सहा रुळांच्या मार्गावर, मुंबईच्या उपनगरी भागासारख्या ठिकाणी, शेजारच्या लाइनचा हिरवा आपला समजून घेणे ही फार नेहमीची चूक आहे, विशेषतः वळणावर, जिथे शेजारचा खांब आधी समोर येतो. वळणावर सिग्नल दिसला की लगेच निर्णय घेऊ नका. रूळ सरळ होईपर्यंत आधीच्या सिग्नलचाच हुकूम चालू आहे असे धरा.

खऱ्या इंजिनात लोको पायलट आणि सहायक प्रत्येक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात. घरी एकट्याने बसून ‘इनर डिस्टंट, पिवळा’ असे म्हणायला विचित्र वाटेल, पण म्हणा. तोंडाने म्हटलेला पिवळा फलाटावरच्या दोन मिनिटांच्या थांब्यातही डोक्यात राहतो. नुसता पाहिलेला राहत नाही.

ब्रेकचा हिशेब

थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, अंतर चौपट. प्रवासी गाडीचा बऱ्यापैकी ब्रेक सपाट रुळावर दर सेकंदाला ०.३ मीटर प्रति सेकंद वेग कमी करतो असे धरले, तर अंतरे अशी येतात: ३० च्या वेगाला सुमारे ११५ मीटर, ४५ ला २६०, ६० ला ४६५, ७५ ला ७२५, ९० ला १०४०, १०० ला १२९० आणि ११० ला १५५० च्या वर.

आता सिग्नलची अंतरे आठवा. पिवळ्यापासून लाल १ किलोमीटर. म्हणजे १०० च्या वेगाने पिवळ्यापर्यंत आलात आणि तिथे ब्रेक लावलात, तर नेहमीच्या ब्रेकने गाडी लालच्या पलीकडे ३०० मीटरवर थांबेल. तुमचे लक्ष कितीही असो, लाल दिसण्याआधीच तो तुटलेला आहे. डबल यलो यासाठीच असतो. त्याखालून पॉवर चालू ठेवून जाणारा नवखा पुढे कितीही जोरात ब्रेक दाबत बसला तरी उशीर झालेला असतो.

यात ब्रेक लागायला जाणारा वेळ धरलेला नाही. ओपन रेल्स ब्रेक पाइपमधला दाब डब्यागणिक मागे सरकत गेल्यासारखा दाखवते. लांब मालगाडीत शेवटच्या वाघिणीपर्यंत ब्रेक पोहोचायला कित्येक सेकंद जातात, आणि ६० च्या वेगाने १० सेकंदांत गाडी १६५ मीटर पुढे गेलेली असते. भरलेल्या मालगाडीसाठी वरचा ०.३ चा आकडा निम्मा, ०.१५ धरा. मग ४५ च्या वेगाला ५२० मीटर, ६० ला ९२५ आणि ७५ ला सुमारे १४५० मीटर लागतात.

उतार असेल तर सगळे बदलते. १०० ला १ उतारावर गुरुत्वाकर्षण ब्रेकमधून ०.१ खाऊन टाकते, त्यामुळे ६० ची प्रवासी गाडी ४६५ ऐवजी जवळपास ७०० मीटरवर थांबते. भोर घाटातला ३७ ला १ उतार घेतला तर ०.२६५ तिथेच जातात, ०.३ मधले जेमतेम ०.०३५ उरतात आणि ३० च्या वेगाची गाडीही थांबायला जवळपास १ किलोमीटर घेते. कर्जत-लोणावळ्यादरम्यान खऱ्या मार्गावर कॅच सायडिंग (आवरत नसलेली गाडी वळवून अडवण्याचे रूळ) का बांधली आहेत, ते या एका आकड्यातून कळते. घाट उतरताना डायनॅमिक ब्रेक (इंजिनाच्या मोटरींनी वेग रोखणारा) आधीपासून लावलेला हवा, वेग मर्यादेच्याही खाली हवा, आणि गाडीचा ब्रेक पूर्ण सोडायचा नाही.

कळा अशा आहेत. पॉवर वाढवायला डी, कमी करायला ए. गाडीचा ब्रेक लावायला एकेरी अवतरणचिन्हाची कळ, सोडायला अर्धविरामाची. फक्त इंजिनाच्या ब्रेकसाठी चौकोनी कंसांच्या कळा: बंद होणाऱ्या कंसाने लागतो, उघडणाऱ्याने सुटतो. डायनॅमिक ब्रेक वाढवायला पूर्णविराम, कमी करायला स्वल्पविराम. इमर्जन्सीसाठी बॅकस्पेस. अलर्टर (चालक जागा आहे ना ते तपासणारा इशारा) वाजला तर झेड.

इंजिनाच्या ब्रेकवर अख्खी गाडी थांबवायला जाऊ नका. एका इंजिनाच्या चाकांनी मागच्या सगळ्या डब्यांचे वजन अडवायचे म्हटले तर चाके घसरतात आणि अंतर वाढते. तो ब्रेक शेवटच्या थांबण्यासाठी आणि उभ्या गाडीसाठी.

ब्रेक पाइप ५ किलोवर असताना पहिला टप्पा ४.५ पर्यंत उतरवा. गाडीला ब्रेक ‘धरला’ की नाही, ते प्रोजेक्टेड आकडा खाली येऊ लागला की कळते. पुरेसा नसेल तर ४.२, मग ४.०. साधारण ३.५ च्या आसपास पूर्ण सर्व्हिस ब्रेक लागतो. त्याखाली उतरवून हाती काही लागत नाही, फक्त पुन्हा भरायला वेळ जातो. घाबरून लाव-सोड, लाव-सोड करणे ही यातली सगळ्यात वाईट सवय. प्रत्येक वेळी डब्यांच्या टाक्यांतली हवा खर्च होते, ती भरायच्या आत तुम्ही पुन्हा ब्रेक लावता, आणि तिसऱ्या वेळी गाडी आधीइतकी धरत नाही. एकदा विचार करून लावा, मग थोडा वाढवा किंवा थोडा कमी करा.

डब्यांची फाइल नीट बनवलेली नसेल तर ब्रेक काही केल्या सुटत नाही असेही होते. शिफ्टसह तिरप्या रेषेची कळ दाबली की सगळा ब्रेक एकदम सुटतो. ही कळ फक्त उभ्या गाडीसाठी, सपाट जागी. उतारावर चालत्या गाडीत चुकून दाबलीत तर काय होईल ते वरच्या आकड्यांवरून दिसतेच.

लाल सिग्नलकडे जाण्याची पद्धत

आधी सत्राबाहेर, एकट्याने सराव करा. मेनूतला ‘एक्सप्लोर इन ॲक्टिव्हिटी मोड’ निवडा, सपाट सरळ रूळ शोधा. पुढच्या सिग्नलचे अंतर १५०० मीटर दिसताना ६० च्या वेगाने ४.२ पर्यंत ब्रेक लावा आणि काही न करता गाडी थांबू द्या. थांबल्यावर सिग्नलचे अंतर वाचा. १५०० मधून ते वजा केले की तुमच्या गाडीचे खरे थांबण्याचे अंतर मिळाले. हाच प्रयोग ४० आणि ८० च्या वेगाला करा आणि तीन आकडे कागदावर लिहून पडद्याशेजारी चिकटवा. गाडी बदलली की नवा कागद. यात अर्धा तास जातो आणि पुढची कित्येक सत्रे वाचतात. एकट्याने खेळताना एफ २ ने जतन करून पुन्हा तिथून सुरू करता येते.

मग १ किलोमीटर अंतराच्या सिग्नलसाठी ही पायरी पाठ करा:

१. डबल यलो दिसला: पॉवर शून्य. वेग ८० च्या वर असेल तर पहिला टप्पा, ४.५.

२. पिवळ्याच्या खांबापाशी: प्रवासी गाडी ६० किंवा कमी, भरलेली मालगाडी ४० किंवा कमी.

३. लाल ५०० मीटरवर: प्रवासी ४०, मालगाडी ३०.

४. लाल २५० मीटरवर: २५ आणि २०.

५. १०० मीटरवर: दोघांनाही १०.

६. ३० ते ५० मीटर आधी थांबा आणि इंजिनाचा ब्रेक लावून ठेवा.

खांबाला नाक लावून उभे राहू नका. कॅबमधून फार जवळ गेले की दिवा खिडकीच्या चौकटीबाहेर जातो आणि सिग्नल हिरवा झाला की नाही ते कळत नाही. शिवाय थांबल्यावर ब्रेक सुटला आणि हलका उतार असला तर गाडी सरकते. पन्नास मीटर हाताशी असतील तर सावरता येते.

पायरी क्रमांक दोन चुकली, तर तीनवर दुरुस्त होईल अशी आशा धरू नका. लगेच ब्रेक वाढवा. आणि ४०० मीटरवर वेग ७० असेल तर बॅकस्पेस दाबा. इमर्जन्सीने लालच्या आधी थांबलेल्या चालकाला कुणी हसत नाही.

समोरचा लाल तुम्ही पोहोचण्याआधी मधेच हिरवा झाला, तर आधी ब्रेक सोडा, पाइप ५ किलोपर्यंत भरू द्या, मग पॉवर द्या. ब्रेक अर्धवट असताना पॉवर दिली की पुढच्या पिवळ्याला टाक्या रिकाम्या असतात.

नेहमी कुठे चुकते

फलाटावरून सुटताना. गाडी पिवळ्या होमवरून आत आली, फलाटावर थांबली, प्रवासी चढले, सुटायची वेळ झाली. घड्याळ बघून नवखा डी दाबतो आणि लाल स्टार्टर तोडतो. वेळ झाली म्हणजे सिग्नल मिळाला असे नाही. हात डी कडे जाण्याआधी डोळे स्टार्टरकडे जायला हवेत, आणि स्टार्टर पिवळा असेल तर ॲडव्हान्स्ड स्टार्टर (त्याच्या पुढचा, स्थानकातून बाहेर पडण्याचा शेवटचा सिग्नल) लाल असू शकतो हे मोठ्याने म्हणूनच निघा.

याच जागी दुसरा गोंधळ होतो: फलाटापुढचा सिग्नल काही केल्या लालच राहतो. पर्यायांमध्ये ‘फोर्स्ड रेड ॲट स्टेशन स्टॉप्स’ चालू असेल आणि फलाट व सिग्नल यांच्या मध्ये सांधा नसेल, तर खेळ तो सिग्नल मुद्दाम लाल धरून ठेवतो आणि सुटण्याच्या वेळेआधी दोन मिनिटांनी सोडतो. तो बिघडलेला नसतो. वाट बघा.

गप्पा मारताना. संदेशाची चौकट उघडलेली नसताना लिहायला सुरुवात केली की प्रत्येक डी पॉवर वाढवतो आणि प्रत्येक ए कमी करतो. पिवळ्या आणि लाल दिव्याच्या मध्ये काहीही लिहू नका. उत्तर थांबल्यावर द्या.

विलंबामुळे. ऑनलाइन सत्रात सिग्नलची स्थिती यजमानाच्या संगणकाकडून येते. तुमच्या पडद्यावरचा रंग काही क्षण जुना असू शकतो. इंटरनेट अडखळत असेल, समोरची गाडी धक्के खात चाललेली दिसत असेल, तर हिरव्यावरही दहा-वीस किलोमीटर कमी ठेवा.

तोंडावर लाल पडणे. हिरव्याचा एकाएकी लाल झाला तर बहुधा डिस्पॅचरने (सत्रातले सिग्नल सांभाळणाऱ्याने) हाताने बदलला. गाडी थांबणे शक्य नसेल तर पूर्ण ब्रेक लावा आणि थांबल्यावर कळवा.

लाल असताना पुढे जायचे असेल तर

पूर्ण थांबा आणि टॅब दाबा. ही पुढचा सिग्नल मिळावा म्हणून केलेली विनंती आहे. रूळ व्यापलेला असेल किंवा दुसऱ्याला दिलेला असेल तर ती नाकारली जाते. मिळालीच तर पुढचा टप्पा रिकामा आहे असे गृहीत न धरता सरपटत जा. मागच्या दिशेला जायचे असेल तर शिफ्ट आणि टॅब.

खांबावर पांढऱ्या चकतीवर काळा ए असेल तर तो ऑटोमॅटिक सिग्नल. भारतीय नियमाप्रमाणे तिथे लाल असताना दिवसा १ मिनिट आणि रात्री २ मिनिटे थांबून, मग रस्ता नीट दिसत असेल तर जास्तीत जास्त १५ च्या वेगाने, पुढच्या सिग्नलपर्यंत अत्यंत सावधपणे जाता येते. गटाने हा नियम मान्य केला असेल तरच वापरा. थांबण्याची ती मिनिटे घड्याळ लावून मोजा. ए नसलेल्या लाल सिग्नलला ही सवलत नाही, तो होम असो वा स्टार्टर.

तुटलाच तर

१. गाडी थांबेपर्यंत कळा बडवू नका. काही उपयोग नसतो.

२. लगेच कळवा: गाडी कोणती, सिग्नल कोणता, इंजिन किती मीटर पुढे गेले, खाली सांधा आहे का. दुसऱ्या कुणाची गाडी कारणाशिवाय थांबली असेल तर त्याला या संदेशावरून उलगडा होतो.

३. डिस्पॅचरने होकार दिल्याशिवाय मागे घेऊ नका. तुमच्या मागच्या टप्प्यात एव्हाना दुसरी गाडी आलेली असू शकते.

४. होकार मिळाला की कंट्रोल आणि एम दाबून मॅन्युअल मोडमध्ये जा. रिव्हर्सर (दिशा ठरवणारा दांडा) एस ने मागे करा, १० च्या आत वेग ठेवून पूर्ण इंजिन सिग्नलच्या मागे, निदान ५० मीटर मागे आणा. वाटेत सांधा असेल तर तो तुमच्या बाजूला आहे ना, ते बाहेरच्या कॅमेऱ्यातून बघा.

५. थांबा, डब्ल्यू ने रिव्हर्सर पुढे करा, पुन्हा कंट्रोल आणि एम दाबून ऑटोमध्ये या. ट्रॅक मॉनिटरमध्ये ‘ऑटो सिग्नल’ दिसायला हवे. दिसत नसेल तर गाडी आखलेल्या मार्गावर परतलेली नाही.

साध्या ‘एक्सप्लोर रूट’ने सुरू केलेल्या सत्रात हा ऑटोचा रस्ता नसतो, तिथे डिस्पॅचर सांगेल तसेच करा.

डिस्पॅचरच्या खुर्चीत बसणाऱ्यासाठी

कंट्रोल आणि ९ ने डिस्पॅचरची खिडकी उघडते. सिग्नलवर टिचकी मारली की तो खेळावर सोडणे, लाल करणे, पिवळा करणे किंवा हिरवा करणे असे पर्याय येतात. हाताने हिरवा केलेला सिग्नल गाडी गेल्यावर परत खेळावर सोडायला विसरू नका, कारण त्याच्यामागून येणाऱ्याला तो खोटा हिरवा दिसत राहील. धावत्या गाडीपुढचा सिग्नल लाल करायचाच असेल तर ती निदान दोन सिग्नल मागे असताना करा, म्हणजे तिला डबल यलो आणि पिवळा दोन्ही मिळतील.

त्याच खिडकीत ‘पेनल्टी’ची चौकट आहे. तिची खूण काढली की सगळ्यांना संदेश जातो आणि लाल ओलांडल्याचा व जास्त वेगाचा दंड बंद होतो. नवे लोक पहिल्यांदा जोडलेले असतील तर पहिला अर्धा तास ती काढून ठेवायला हरकत नाही, मात्र त्या अर्ध्या तासात कुणी लाल ओलांडला तर त्याचे नाव आणि सिग्नल लिहून ठेवा आणि थांब्यावर त्याला सांगा, कारण खेळ सांगणार नाही. सगळ्यांच्या गाड्या पहिल्या लाल सिग्नलआधी नीट थांबल्या की खूण परत लावा.